फायरमनचा इन्स्ट्रक्टर कसा करायचा (आणि कोणाला करायच्या भानगडीत पडू नये)

आपल्याकडे ट्रेनिंगला कोणाला टाकतात? ज्याची सर्व्हिस जास्त झालीये, ज्याची कंबर धरलीये म्हणून बंबावर नको, नाहीतर ज्याचं स्टेशनवर कोणाशीच पटत नाही. मग त्याच्या हातात शिट्टी आणि वीस-पंचवीस पोरं द्यायची आणि सांगायचं, घ्या, शिकवा. तो बिचारा पण त्याला जसं शिकवलं होतं तसंच शिकवणार, म्हणजे ओरडून. तर हे लिहितोय ते ज्या तांडेल, लीडिंग फायरमन, सब ऑफिसर लोकांना आता शिकवायला सांगितलंय त्यांच्यासाठी, आणि ज्या स्टेशन ऑफिसरला असे शिकवणारे तयार करायचेत त्यांच्यासाठी. नागपूरच्या नॅशनल फायर सर्व्हिस कॉलेजला किंवा सांताक्रूझला राज्याच्या ट्रेनिंग सेंटरला जाऊन आलेला माणूस असला तर चांगलंच आहे, पण तिथे शिकून आला म्हणजे त्याला शिकवता येतं असं काही नाही, आणि रोजचं ड्रिल शेवटी आपल्याच यार्डात होतं.

आधी माणूस निवडा

वर्दीवर, म्हणजे आगीचा कॉल आल्यावर, सगळ्यात पुढे असणारा माणूस बरेचदा शिकवायला सगळ्यात वाईट निघतो. कारण त्याला सगळं पटकन आलेलं असतं, समोरच्याला का येत नाही हेच त्याला कळत नाही. त्यापेक्षा स्टेशनवर नाइटला नवीन पोरं पंपाबद्दल, गाठींबद्दल कोणाकडे विचारायला जातात ते बघा. तोंडावर कोणी सांगत नाही पण एक ठरावीक माणूस असतो, तो चिडत नाही, हसत नाही, उठून दाखवतो. तो घ्या. रँक नंतर बघू. मात्र त्याचं स्वतःचं काम पक्कं पाहिजे, जो स्वतः वर्षभर बीए सेट (धुरात श्वास घ्यायला पाठीवरचा हवेचा सिलेंडर आणि मास्क) घालून आत गेला नाही त्याने बीए शिकवू नये, कितीही गोड बोलत असला तरी.

आणि त्याला विचारा की बाबा तुला हे करायचंय का. मारून मुटकून इन्स्ट्रक्टर होत नाही.

हाताला येतं ते तोंडाला येत नाही

इथे सगळ्यात जास्त वेळ घालवायचा. जुना माणूस एखादं काम इतक्या वेळा करून बसलेला असतो की त्यातल्या निम्म्या गोष्टी तो करतो हे त्यालाच माहीत नसतं. म्हणून पहिला एक्सरसाइज असा, भावी इन्स्ट्रक्टरला कागद द्या आणि बीए सेट घालायच्या स्टेप्स लिहायला सांगा. बहुतेक जण पाच-सहा लिहितात, सेट उचल, पाठीवर घाल, व्हॉल्व्ह उघड, मास्क लाव, आत जा. आता दुसरा एक जण उभा करा, त्याला सांगा की कागदावर जे लिहिलंय तेवढंच आणि तसंच करायचं, स्वतःचं डोकं लावायचं नाही. मग बघा मजा.

"सेट पाठीवर घाल."
तो घालतो, पट्टे आधीच आवळलेले, एक हात आत जातो आणि दुसरा अडकतो.
"अरे पट्टे आधी सैल कर ना!"
"साहेब, ते लिहिलं नाही."

दहा मिनिटं असं चाललं की लिहिणाऱ्याला घाम फुटतो आणि कागद मोठा व्हायला लागतो. शेवटी खरी यादी निघते ती साधारण अशी. सिलेंडरचं प्रेशर बघ, ३०० बारचा असेल तर २४० च्या खाली घेऊन आत जायचं नाही. पट्टे सैल कर. व्हॉल्व्ह पूर्ण उघड, गेज वाच. व्हॉल्व्ह बंद कर आणि एक मिनिट गेजकडे बघत थांब, १० बारपेक्षा जास्त काटा खाली आला तर कुठेतरी लीक आहे, तो सेट बाजूला. मग हवा हळूहळू सोड आणि हवा संपत आल्याची शिट्टी ऐक, ती ५५ बारच्या आसपास वाजली पाहिजे. परत व्हॉल्व्ह पूर्ण उघड. सेट पाठीवर, खांद्याचे पट्टे, मग कमरेचा, वजन कमरेवर आलं पाहिजे खांद्यावर नाही. मास्क लावताना आधी हनुवटी बसव, मग खालचे पट्टे, मग वरचे. मास्कच्या तोंडावर तळहात दाबून श्वास ओढ, मास्क चेहऱ्याला चिकटला पाहिजे, नाही चिकटला तर हवा कुठूनतरी येतेय. इथे दाढीचा विषय निघतोच, निघू दे, दाढीवर सील बसत नाही हे तळहात ठेवल्यावर ज्याचं त्याला कळतं, भाषण द्यायची गरज नाही. मग डिमांड व्हॉल्व्ह (श्वास ओढला की हवा देणारा) जोड, आणि आत जायच्या आधी टॅली, म्हणजे आत कोण गेलंय ते कळायला असलेली नावाची पट्टी, बाहेरच्या माणसाकडे दे. आपल्याकडे टॅली बहुतेक वेळा खिशातच राहते.

या यादीतल्या दोन-तीन गोष्टींखाली लाल पेनने रेघ मारायला लावा, चुकली तर माणूस मरेल अशा. बाकीचं थोडं इकडेतिकडे झालं तर चालतं. ही रेघ कुठे मारायची हे ज्याला कळलं त्याला शिकवणं अर्धं आलं समजा.

हवेचं गणित पण इन्स्ट्रक्टरने फळ्यावर पोरांकडून करून घ्यायचं, स्वतः सांगून मोकळं व्हायचं नाही. ६ लिटरचा सिलेंडर, ३०० बार, म्हणजे १८०० लिटर हवा. मिनिटाला ४० लिटर धरले तर ४५ मिनिटं. त्यातली १० मिनिटं राखीव, राहिली ३५. आता पोराला सेट घालून होज खांद्यावर देऊन चार मजले चढवा आणि वर गेल्यावर गेज वाचायला लावा. ४० चा आकडा कागदावरचा आहे, जीव लावून काम करताना त्याच्या कितीतरी वर जातो, हे फळ्यावर नाही कळत, जिन्यात कळतं.

आधी गप्प बसून दाखवा

शिकवायच्या पद्धती म्हणाल तर नवीन काही शोधायची गरज नाही. पहिल्या महायुद्धात अमेरिकेत जहाजं बांधायला नवे कामगार घाईघाईने तयार करायचे होते तेव्हा चार्ल्स अ‍ॅलन नावाच्या माणसाने चार पायऱ्या पक्क्या केल्या, तयारी, दाखवणं, करून घेणं, तपासणं. फायर सर्व्हिसमध्ये आजही तेच चालतं. पण दाखवण्याच्या पायरीला आपले लोक सगळं एकदम करतात, हात पण चालू, तोंड पण चालू, मधेच एखादा किस्सा, आणि पोरांना ना हात दिसतात ना बोलणं कळतं. पेटन नावाच्या एका ब्रिटिश सर्जनने ऑपरेशन शिकवायला जी रीत वापरली ती इथे फार कामाला येते. पहिल्यांदा कामाच्या खऱ्या स्पीडने, एक शब्द न बोलता करून दाखवा. दुसऱ्यांदा हळू, प्रत्येक स्टेप सांगत. तिसऱ्यांदा तोंड पोराचं आणि हात तुमचे, तो सांगेल तेवढंच करायचं. चौथ्यांदा तो सांगत सांगत स्वतः करेल.

तिसरी पायरी सगळे गाळतात. आणि खरी गंमत तीच आहे, कारण पोराच्या डोक्यात काय उलटं बसलंय ते तिथेच बाहेर येतं, त्याचा हात चुकायच्या आधी.

दहा मिनिटांचा तास

आता त्याला शिकवायला उभं करा, पण बॅचसमोर नाही, चार-पाच सहकाऱ्यांसमोर. एकच काम, दहा मिनिटं. चेअर नॉट, म्हणजे माणसाला दोरीने खाली उतरवायची गाठ, चांगली, कारण छोटी आहे आणि शिकवताना हमखास फसते. समोर बसलेल्यांना कामं वाटून द्या. एकाने घड्याळ लावायचं, इन्स्ट्रक्टर किती वेळ बोलला आणि पोरांच्या हातात दोरी किती वेळ होती. एकाने मागच्या ओळीत उभं राहून बघायचं, हात दिसतात का, आवाज येतो का, शेजारच्या रस्त्यावरून बस गेली तरी येतो का. मोबाईलवर शूट करा, आणि बघायला फक्त त्याला द्या, ग्रुपवर टाकू नका.

पहिल्यांदा जवळजवळ सगळे एकच करतात, पोरांकडे तोंड करून उभे राहतात आणि छातीशी दोरी धरून गाठ मारतात. पोरांना ती समोरून दिसते म्हणजे डावं उजवं उलटं, मग ती तशीच उलटी मारतात आणि वरून शिव्या खातात. उपाय सोपा आहे. पोरांकडे पाठ करा, दोरी खांद्याच्या वर धरा, म्हणजे तुमचा उजवा हात तो त्यांचा उजवा हात. किंवा त्यांना अर्धगोलात तुमच्या मागे उभं करा. जाड दोरी घ्या, दोन टोकं दोन रंगांची असतील तर अजून बरं.

नंतर फीडबॅक द्यायचा तो दोनच गोष्टींचा. सात चुका दिसल्या तरी दोनच सांगा, बाकीच्या पुढच्या वेळी. आणि "छान झालं, थोडा कॉन्फिडन्स वाढव" हा फीडबॅक नाही, याने कोणाचंच काही वाढत नाही. "दहातली साडेसात मिनिटं तू बोललास" हा फीडबॅक.

अजून एक. मॅन्युअल सगळी इंग्रजीत, ऑर्डरी पण इंग्रजीत, त्या तशाच राहू द्या, वर्दीवर तेच बोलतात. पण का करायचं हे सांगताना मराठीत सांगा, साधं घरच्यासारखं. मॅन्युअलमधला पॅरा वाचून दाखवणारा इन्स्ट्रक्टर मला तरी बघवत नाही.

किस्स्यांचं काय करायचं

किस्से हा आपल्या लोकांचा वीक पॉइंट आहे. पाऊण तासाच्या लेक्चरमधला अर्धा तास "आम्ही त्या आगीला गेलो तेव्हा" मध्ये जातो, पोरं कान देऊन ऐकतात, इन्स्ट्रक्टरला वाटतं लेक्चर भारी झालं, आणि कोणाला काही आलेलं नसतं. किस्सा बंद करू नका, पण नियम करा, किस्सा निर्णयाच्या जागी थांबवायचा आणि पुढचं पोरांना विचारायचं.

उदाहरण म्हणून काळबादेवी घ्या, ९ मे २०१५, गोकुळ निवास. जुनी इमारत, आग चालू असताना कोसळली आणि मुंबई फायर ब्रिगेडने चार ऑफिसर गमावले, चीफ सुनील नेसरीकर त्यात होते. हे नुसतं सांगून, दोन मिनिटं शांतता पाळून पुढे जाऊ नका. असं विचारा, समजा तुमच्यासमोर अशी जुनी लाकडी तुळयांची इमारत जळतेय. लाकूड साधारण मिनिटाला पाऊण मिलिमीटरच्या आसपास जळत आत जातं, तासभर आग लागून झालीये, तुळईचं किती उरलं असेल? वरून मिनिटाला ५०० लिटरची जेट वीस मिनिटं मारताय, म्हणजे १० हजार लिटर, म्हणजे १० टन. त्यातलं किती खाली वाहिलं आणि किती वरच्याच मजल्यावर कापडाच्या गठ्ठ्यांनी पिऊन घेतलं? भिंतीला नवीन तडा दिसतोय, दारं अडकायला लागलीत, करकर ऐकू येतेय. आतल्या क्रूला बाहेर कोण काढणार, कधी, आणि कोणत्या सिग्नलने? इथे वाद होऊ द्या. वाद झाला म्हणजे पोरं विचार करतायत.

१४ एप्रिलचं पण तसंच. दरवर्षी पुष्पचक्र वाहतो, १९४४ ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिनच्या स्फोटात ६६ जवान गेले हे प्रत्येक रिक्रूटला पाठ असतं. पण एकाच जहाजात कापसाच्या गाठी आणि स्फोटकं होती आणि आग कापसात लागली, हे धरून पोरांना हायवेवरच्या टँकरवर आणा. मागची पाटी दाखवा, १२०३ म्हणजे पेट्रोल, १०७५ म्हणजे एलपीजी, आणि विचारा की बंब किती लांब थांबवशील, वारा कुठून आहे, पाटीवर अजून काय काय लिहिलंय. फाळके रोडच्या कोपऱ्यावर असा टँकर उलटलाय असं सांगा, म्हणजे आपल्याच एरियातला रस्ता सांगा, मग डोकं चालतं.

घाबरणारा पोरगा

प्रत्येक बॅचमध्ये एक-दोन जण मास्क लावला की कासावीस होतात, मास्क उपटून फेकतात. इथे इन्स्ट्रक्टर कसा वागतो त्यावरून मी त्याला पास-नापास करतो. बॅचसमोर "बांगड्या भर" म्हणणारा बाद, तिथल्या तिथे, आणि आता बॅचमध्ये मुली पण असतात, त्या बरेचदा यांच्यापेक्षा शांत डोक्याने सेट चालवतात. त्या पोराला बाजूला घ्या. नुसता मास्क चेहऱ्यावर, काही न जोडता, सावलीत बसून. मग सेट जोडून यार्डात चालणं, गप्पा मारत. मग काचेवर कापड बांधून, एक हात भिंतीला लावून खोलीभर फिरणं, बरोबर ओळखीचा माणूस. मग धूर. घाई केली की परत पहिल्यापासून. काही जणांना शेवटपर्यंत जमत नाही, ते वेळेत कळणं पण ट्रेनिंगचाच भाग आहे.

ओरडण्याबद्दल, ड्रिलची ऑर्डर खणखणीतच पाहिजे, पंप चालू असताना कुजबुजून कोण ऐकणार. पण माणूस शिकत असताना कानाजवळ ओरडलात तर तो गाठ नाही शिकत, तुम्हाला घाबरायला शिकतो. आधी शांतपणे शिकू दे, हाताला बसलं की मग सायरन लावा, अंधार करा, पाणी मारा, काय गोंधळ घालायचा तो घाला.

खरी आग लावताना

इथे मी कडक आहे. खोलीत आग लावून ट्रेनिंग करायचं असेल तर इन्स्ट्रक्टर नुसता शिकवता येणारा असून चालत नाही. अमेरिकेत १९८२ मध्ये कोलोरॅडोत बोल्डरला ट्रेनिंगच्या आगीत दोन फायरफायटर गेले, त्यानंतर तिथल्या फायर सेफ्टीच्या संस्थेचं एनएफपीए १४०३ हे ट्रेनिंगच्या आगीचं स्टँडर्ड आलं. त्यातल्या काही गोष्टी आपल्याकडे कायद्याने बंधनकारक असोत नसोत, मी तरी सोडत नाही. पाच ट्रेनींमागे एक इन्स्ट्रक्टर. एक सेफ्टी ऑफिसर, ज्याने शिकवायचं नाही, फक्त बघायचं, आणि त्याने थांब म्हटलं की चीफ असला तरी थांबायचं. आग लावणारा एकच ठरलेला माणूस. बॅकअपची चार्ज केलेली, म्हणजे पाणी भरून तयार, होज लाइन, तिचं पाणी वेगळ्या पंपावरून. आग लावायच्या आधी सगळ्यांना आतून फिरवून आणायचं, दुसरी वाट दाखवायची. जळायला लाकूड आणि पेंढा, बस. गादी, सोफा, टायर नाही.

आणि आत "अडकलेला माणूस" म्हणून जिवंत माणूस ठेवायचा नाही. कधीच नाही, पाच मिनिटं पण नाही. २००१ मध्ये न्यूयॉर्क राज्यात लेअर्ड्सव्हिलला असाच एक नवखा पोरगा व्हिक्टिम म्हणून वरच्या मजल्यावर ठेवला, आग खालच्या सोफ्याच्या फोमला धरली आणि तो गेला. तिथल्या असिस्टंट चीफवर खटला चालून शिक्षा झाली. जुन्या होजमध्ये वाळू भरून पुतळा करा, ८० किलोचा करा, पोरं तुम्हाला मनात शिव्या घालतील पण काम होईल.

ट्रेमधली आग आपल्याकडे जास्त होते, एक्स्टिंग्विशर शिकवायला. त्यात एकच गोष्ट इन्स्ट्रक्टरच्या डोक्यात ठोकून बसवा, विझलेल्या गरम ट्रेमध्ये परत इंधन ओतायचं नाही. दोन बॅचच्या मधे वेळ वाचवायला कॅनमधून ओततात आणि ज्वाला कॅनपर्यंत येते. ट्रे थंड होऊ द्या, नाहीतर दुसरा ट्रे ठेवा. पेटवायचं लांब काठीच्या मशालीने, वारा पाठीला ठेवून. कॅन झाकण लावून लांब.

बॅच येतात-जातात, धूर मात्र इन्स्ट्रक्टर रोज खातो. २०२२ मध्ये डब्ल्यूएचओच्या कॅन्सरवाल्या संस्थेने फायरफायटरचं काम कॅन्सर करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकलंय, तिथे तंबाखू पण आहे. म्हणून इन्स्ट्रक्टर आलटून पालटून आत पाठवा, आग विझल्यावर राख उकरताना पण मास्क काढायचा नाही, आणि तो काळा झालेला कोट गाडीच्या केबिनमध्ये किंवा बेडजवळ टांगायचा नाही. धूर लागलेला कोट म्हणजे शान, हे पोरं आपल्याकडूनच शिकतात.

परीक्षा आणि नंतर

ज्याने शिकवलं त्याने परीक्षा घेऊ नये. दुसऱ्या स्टेशनचा माणूस बोलवा, त्याच्या हातात ती लाल रेघा मारलेली यादी द्या. लाल रेघेवालं एक चुकलं की नापास, बाकी दहा बरोबर असली तरी. आणि दोनेक महिन्यांनी न सांगता परत घ्या, वर्दीवरून येऊन चहा पीत बसलेत तेव्हा म्हणा, चल, सेट घालून दाखव. इन्स्ट्रक्टर चांगला की वाईट हे तेव्हा कळतं, पासिंग आऊट परेडला नाही.

सोसायट्या, शाळा, हॉस्पिटलं इथले डेमो वेगळं काम आहे, त्याला वेगळा माणूस लागतो. तिथे गॅस सिलेंडर पेटवून उडी मारायचे स्टंट नकोत. एक्स्टिंग्विशर काकूंच्या हातात द्या, पिन त्यांनाच काढू द्या. गॅसचा वास आला तर रेग्युलेटर बंद, खिडक्या-दारं उघड, स्विचला हात नाही, एलपीजी हवेपेक्षा जड असतो म्हणून खाली साठतो, १०१ लावायचा तो बाहेर जाऊन. एवढं झालं तरी खूप.

नवा इन्स्ट्रक्टर पहिल्या दोन बॅच एकटा सोडू नका. पहिलीत तो मदतनीस, दुसरीत तो शिकवेल आणि जुना मागे उभा राहील, मधे तोंड घालायचं नाही, सेफ्टीचा विषय असेल तरच. आणि एवढं करून पण ज्याला शिकवणं जमलं नाही त्याला गुपचूप वर्षभर ओढत नेऊ नका. त्याला सेफ्टी ऑफिसर करा, ट्रेनिंगच्या पंपावर घ्या, डोळा तयार असलेला माणूस तिथे पण लागतोच. नाहीतर सरळ परत बंबावर पाठवा, तो पण खूश आणि बॅच पण.